भीतीची भीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरून कोणातरी विदुषीला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच आज्ञा केली, "बाई, तुम्ही तीस वर्षे शाळेत मुलींना बोलायला शिकवलंत, आता तुम्हीच बोला." विषय माझ्यावर सोपवला होता. मी भीतीवर बोलणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिनाला काहीतरी गोड विषय घ्या की!" पण मी हट्ट सोडला नाही. माझ्या घरात गेली दोन वर्षे जे घडले ते पुष्कळांच्या घरी घडत असते, आणि ते उंबऱ्याच्या आत झाकून ठेवण्याची आपल्याला सवय असते. मी जे सांगणार आहे ते माझ्या नातीला आणि सूनबाईंना विचारूनच सांगत आहे. सूनबाई समोरच बसल्या आहेत.

माझी नात तेव्हा अकरावीत होती. संध्याकाळी क्लासचे तीन जिने धावत चढून गेली आणि वर पोचल्यावर तिची छाती इतकी धडधडू लागली, की तिला वाटले, आता आपले संपले. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणले. दारातूनच ती ओरडली, "आजी, माझं हृदय बंद पडतंय!" आम्ही तसेच तिला दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, थायरॉइड पाहिले. सगळे ठीक. डॉक्टर म्हणाले, "हिच्या हृदयाला काही झालेलं नाही."

आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण खरी कथा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. तिला क्लासची भीती वाटेना, परीक्षेचीही वाटेना. तिला भीती वाटू लागली ती धडधडीची. पुन्हा छाती धडधडली तर काय, या धास्तीने तिने जिने चढणे सोडले, सायकल सोडली, गॅदरिंगमधला नाच सोडला. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याला सारे सोलापूर लोटते. ती घराबाहेर पडली नाही. दिवसभर एक बोट मनगटाच्या नाडीवर. आणि गंमत पाहा, नाडी मोजून मोजून माणूस घाबरतो, घाबरला की नाडी वाढते, आणि वाढली की त्याला वाटते, बघा, मी म्हणत होतो ना! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की हा राक्षस पाठीमागे नसून छातीच्या आत बसलेला असतो.

घरात आम्ही काय केले? मी दृष्ट काढली. कांदा फोडून हुंगवला. दर अर्ध्या तासाने विचारले, "बरं वाटतंय ना गं? धडधडत नाही ना?" आणि एके रात्री, थकल्या जिवाने असे म्हणू का, पण खरे म्हणजे दुष्टपणाने, मी सूनबाईंना म्हणाले, "तुझ्या माहेरचंच हे. तुझी आई अशीच घाबरट आहे." त्यांनी उत्तर दिले नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नातीला नेले. डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "घरात आणखी कोणाला छातीची धडधड सहन होत नाही?" मी लगेच सूनबाईंकडे पाहिले. डॉक्टर मात्र माझ्याकडे पाहत होते. "आजी, तुमचं काय?"

भगिनींनो, त्या एका प्रश्नासरशी मला १९९३ सालची ती पहाट आठवली. तारीख ३० सप्टेंबर. गणपती विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी असताना किल्लारीला धरणी फाटली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गाडली गेली. त्या मानाने आम्हां सोलापूरकरांना काहीच झाले नाही. आमची भांडी खडखडली, कडीला टांगलेला दिवा हलला. ह्यांनी दहा वर्षांच्या मुलाला झोपेतच उचलून अंगणात नेले. तो खांद्यावर झोपलेलाच राहिला. सात वर्षांच्या मुलीला मी छातीशी कवटाळले. माझी छाती घणाचे घाव घातल्यासारखी उडत होती आणि मी सारखी म्हणत होते, "मेलो गं बाई, मेलो."

धरणी शांत झाली, पण मी झाले नाही. त्यानंतर कित्येक महिने जरा घेरी आली, जरा छातीत ठोका चुकला, की मी "भूकंप!" म्हणून ओरडायची आणि मुलीचा हात धरून बाहेर धावायची. जमीन हलत नव्हती, हलत होते माझे शरीर. पण मला त्या दोहोंतला भेद कळेनासा झाला होता. आज माझा मुलगा निर्धास्त आहे आणि मुलगी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. घर एकच, रात्र एकच, आईबाप तेच. आणि तरी दोन मुलांचे असे दोन प्रकार. हे कसे झाले, याचा छडा लावावा म्हणून मी डॉक्टरांनी दिलेली पुस्तके आणि लेख वाचू लागले. मी काही डॉक्टरीण नव्हे. शाळामास्तरणीला समजले तेवढेच सांगते.

शास्त्रज्ञांनी या स्वभावविशेषाला नाव दिले आहे. आपण मराठीत त्याला चिंता-संवेदनशीलता म्हणू; माझ्या मनाला "भीतीची भीती" हे साधे नाव अधिक पटते. अमेरिकेतील स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली ही कल्पना मांडली. भीती सर्वांनाच वाटते. भीती वाटली की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात येते, हृदय जोराने चालते, श्वास भरभर होतो. श्वास फार भरभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या आणि घेरी येतात. हे सारे शरीराने पळण्याची किंवा लढण्याची केलेली तयारी असते, आणि काही मिनिटांत ते आपोआप ओसरते. पण काहींच्या मनात याच खुणांचा भलताच अर्थ लागतो. धडधड म्हणजे हृदयविकार, घेरी म्हणजे मरण, विचार सुचेना म्हणजे वेड. पुढे १९९१ साली मुलांसाठी १८ वाक्यांची एक साधी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात मुलाला भीती किती वाटते हे विचारत नाहीत. छाती धडधडली, पोटात कालवले, हात कापले, तर त्याची भीती किती वाटते, हे विचारतात.

हे मोजून काय मिळते? अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रबोधिनीत हजाराहून अधिक तरुण शिकाऊ सैनिकांना खडतर प्रशिक्षणाच्या आधी असेच प्रश्न विचारले. धडधाकट मुले ती. पण ज्यांच्यात ही भीतीची भीती आधीपासून जास्त होती, त्यांना त्या पाच आठवड्यांत धसक्याचे झटके येण्याचे प्रमाण अधिक निघाले. हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ही केवळ नाजूकपणाची तक्रार नसून पुढच्या दुखण्याची आगाऊ वर्दी असू शकते.

आता आपल्या बायकांचा खरा प्रश्न. हे येते कुठून? रक्तातून की घरातून? "खाण तशी माती" म्हणून आपण मोकळ्या होतो. शास्त्रज्ञ मात्र जुळ्यांकडे गेले. जुळी दोन तऱ्हेची असतात. काही एकाच बीजापासून झालेली, ज्यांची जनुके अगदी एकसारखी. काही दोन बीजांपासून झालेली, साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही तऱ्हेची जुळी एकाच घरात एकाच वेळी वाढतात. एखादा गुण एकबीज जुळ्यांमध्ये अधिक सारखा आढळला, तर त्यात जनुकांचा हात आहे असे म्हणता येते. १९९९ साली कॅनडातील प्रौढ जुळ्यांच्या तीनशेहून अधिक जोड्यांवरून निघालेला आकडा होता शेकडा ४५. २००७ साली लंडनच्या संशोधकांनी आठ वर्षांच्या तीनशे जोड्या तपासल्या. तेथे आकडा आला शेकडा ३७. पुढे इंग्लंडमधील मुलांना साधारण पंधराव्या, सतराव्या आणि विसाव्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा असे दिसले, की वर्षानुवर्षे टिकून राहणारा भाग मुख्यतः जनुकांचा, आणि त्या त्या वयात येणारे चढउतार मुख्यतः परिस्थितीचे.

हा शेकड्याचा हिशेब नीट समजून घ्या, नाहीतर घरोघरी भांडणे लागतील. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेते. मालदांडी ज्वारीचे बी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरले तर कणसे कशी टपोरी भरतात! तेच बी मुरमाड माळावर टाका, धाटे गुडघ्याएवढी राहतील. आता एका शिवारातली धाटे कमीअधिक उंच का झाली, त्या फरकात बियाण्याचा वाटा किती आणि मातीपाण्याचा किती, असा तो हिशेब आहे. एकाच धाटाकडे बोट दाखवून "याची चाळीस टक्के उंची बियाण्याची" असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. तसेच एका मुलीकडे बोट दाखवून "हिची एवढी भीती आईची" असेही म्हणता येत नाही. शिवाय वारशाने येतो तो आजार नव्हे. येते ती एक जडणघडण. सहज पेटणारे लाकूड आणि सावकाश पेटणारे लाकूड, एवढाच तो फरक. ठिणगी पडलीच पाहिजे असे नाही.

या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती मला फार मोलाची वाटते. उरलेला जो परिस्थितीचा वाटा, तो सगळ्या भावंडांना सारख्या मिळालेल्या घराचा फारसा नसतो. तो प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवाचा असतो. हे वाचले आणि माझ्या त्या दोन मुलांचे कोडे मला थोडेसे सुटल्यासारखे वाटले. आम्ही म्हणतो घर एकच. पण त्या पहाटे मुलगा वडिलांच्या शांत खांद्यावर होता आणि मुलगी माझ्या उडत्या छातीवर. दोघांच्या वाट्याला दोन वेगळ्या रात्री आल्या होत्या.

आणि आता मावशीची गोष्ट. "माय मरो, मावशी जगो" हे आपण उगीच म्हणत नाही. पण स्वीडनमधील कुटुंबांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात मावशीचा उपयोग शास्त्रज्ञांनी मोठ्या युक्तीने केला. आई आणि मावशी एकबीज जुळ्या असतील, तर मुलाचे रक्ताचे नाते दोघींशी सारखेच. चिंता केवळ रक्तातून उतरत असती, तर मूल जितके आईसारखे चिंताग्रस्त निघते तितकेच मावशीसारखेही निघायला हवे. तसे दिसले नाही. किशोरवयीन मुलांच्या चिंतेचा संबंध दिसला तो ज्यांच्याबरोबर ती राहतात त्या आईवडिलांशी. म्हणजे रक्ताव्यतिरिक्त, रोजच्या सहवासातूनही काहीतरी पोचते.

ते कसे पोचते? सिडनीच्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या आगेमागे असलेल्या बाळांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवायचा. आईने एका खेळण्याकडे पाहून चेहरा भीतीचा करायचा, दुसऱ्याकडे पाहून आनंदाचा. थोड्या वेळाने आईने चेहरा साधा ठेवला, तरी जिथे आधी ती घाबरली होती त्या खेळण्यापासून बाळ दूर राहिले. बोलता न येणारे बाळ आईचा चेहरा वाचते, भगिनींनो! कॅनडातील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या १९९८ सालच्या पाहणीत असेही आढळले, की ज्यांच्यात ही भीतीची भीती जास्त, त्यांच्या लहानपणच्या आठवणींत एक गोष्ट अधिक येते. जरा छाती धडधडली किंवा सर्दीपडसे झाले, की घरच्यांनी त्यांना आजाऱ्यासारखे जपायचे, शाळेला सुट्टी, अंथरुणात ताट.

हे वाचून मी रात्रभर जागी होते. सूनबाई आणि मुलगा दोघेही नोकरीवर जातात. नातीला लहानाची मोठी मीच केली. म्हणजे रक्तातून आले असेल तरी माझ्याकडून येऊ शकते, आणि सवयीतून आले असेल तर बहुधा माझ्याचकडून. आणि मी बोट दाखवले होते ते दुसऱ्याच्या माहेराकडे. सकाळी मी सूनबाईंना म्हणाले, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "आई, तुम्ही तरी मुद्दाम कुठं केलंत?" या एका वाक्याने त्यांनी माझी सुटका केली. डॉक्टरही तेच म्हणाले होते. भूकंपाची भीती काही मी बाजारातून विकत आणली नव्हती. बी आपण निवडत नाही, आणि आपल्यावर आलेली संकटेही आपण निवडत नाही. मग दोष कोणाचा?

पण दोष नाही म्हणजे इलाज नाही, असे नव्हे. डॉक्टरांनी नातीला गोळ्यांच्या आधी व्यायाम दिला, आणि तो ऐकून मी थक्क झाले. आधी तिचे हृदय, रक्त सगळे तपासून झालेच होते. मग म्हणाले, "हिला जिने चढू द्या, जागच्या जागी पळू द्या, स्वतःभोवती गोल फिरू द्या. धडधड मुद्दाम आणायची आणि ती आपोआप जाते हे पाहायचं." मी म्हटले, "अहो डॉक्टर, म्हणजे हिने फुगडी घालायची की काय?" ते हसले आणि म्हणाले, "आजी, उत्तम!"

विचार करा. मंगळागौरीला आपण फुगडी घालतो. छाती धडधडते, डोके गरगरते, श्वास लागतो, पाय लटपटतात. माझ्या नातीला जिन्यावर जे जे झाले ते सगळे. आणि आपण काय करतो? हसतो! "अजून एक" म्हणतो! शरीर तेच, खुणा त्याच, अर्थ निराळा. पूर्व भागात मागांशेजारी राहणाऱ्या घरात पाहुणा गेला तर मागाच्या खटखटाटाने त्याला झोप येत नाही. घरातली मुले मात्र त्याच आवाजात शांत झोपतात. आवाज कमी झालेला नसतो. हा आवाज आपला आहे, यात धोका नाही, हे त्यांना ठाऊक असते. नातीला हृदयाच्या आवाजाची तशी ओळख करून द्यायची होती.

पहिल्या दिवशी ती माझ्याबरोबर पाच गिरक्या घेऊन रडत खाली बसली. माझी जीभ नुसती सळसळत होती, "बरं वाटतंय ना गं?" असे विचारायला. पण मी तोंड मिटून बसले. खरे सांगते, तिच्या फुगडीपेक्षा माझे ते मौन अवघड होते. दोन-तीन मिनिटांनी ती म्हणाली, "गेलं." मी म्हटले, "जायचंच ते." पुढे आठवडाभराने आम्ही तिघी, आजी, आई आणि नात, स्वयंपाकघरात फेर धरू लागलो. यंदाच्या गड्ड्याला ती आली. नंदीध्वज पाहिले, होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुटले तेव्हा माझ्याच खांद्याला धरून उभी राहिली. आकाशपाळण्यात बसली नाही. "पुढच्या वर्षी," म्हणाली. तिची धडधड गेलेली नाही. अधूनमधून येते. पण आता ती पळत नाही, थांबते, आणि धडधड निघून जाते. तेवढे पुरे आहे.

आता मंडळाच्या भगिनींना तीनच गोष्टी सांगते. पहिली, मुलाला पहिल्यांदा असा त्रास झाला तर "ढोंग करतो" म्हणू नका आणि दृष्ट काढून थांबूही नका; आधी डॉक्टरांकडून हृदय, रक्त, थायरॉइड तपासून घ्या. सगळे ठीक निघाले तर मात्र रोज रोज तपासत बसू नका. दुसरी, मुलांसमोर आपल्या शरीराबद्दल काय बोलतो ते ऐका. "जीवच गेला माझा," "छातीच बंद पडली," असे आपण पन्नास वेळा म्हणतो. त्याऐवजी "घाबरले होते, आता होईल कमी," एवढे म्हटले तर मुलाला निराळा धडा मिळतो. तिसरी, त्रास थांबत नसेल तर संकोच न करता मदत घ्या. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून, पैसे न देता बोलता येते.

आणि एक विनंती. स्थळ पाहताना "त्यांच्या घराण्यात मनाचं काही आहे का हो?" असा प्रश्न आपल्यातल्या कित्येकजणी हळूच विचारतात. मीही विचारला आहे. कदाचित माझ्या नातीबद्दल उद्या कोणी तो विचारील. तेव्हा तुमच्यापैकी कोणी तेथे असलात, तर एवढेच सांगा, की घाबरणारी बी-बियाणी सगळ्यांच्याच कोठारात असतात. त्या मुलीने जिने चढायला पुन्हा सुरुवात केली, हे मात्र सगळ्यांच्या अंगणात उगवत नाही.

चहापानानंतर खेळ आहेत असे चिटणीसबाई म्हणाल्या. पहिल्या फुगडीसाठी माझे आणि सूनबाईंचे नाव लिहून घ्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.